जुनी लक्झरी सेडान घेताय? पैसे देण्याआधी मोबाईल गाडीला जोडा

नवीन मिड-साइज सेडानचं टॉप मॉडेल ज्या किमतीत येतं, जवळपास त्याच किमतीत सहा-सात वर्षं जुनी जर्मन सेडान मिळते. जाहिरातीतले फोटो बघून हात शिवशिवतात. माझेही शिवशिवले होते. चौदा लाखांचं बजेट होतं, आणि पुण्यात एका डीलरकडे सात वर्षं जुनी, मीटरवर ५२ हजार किलोमीटर असलेली गाडी उभी होती. पांढरी, सनरूफवाली, आतून अगदी नव्यासारखी. टोकन द्यायचं जवळजवळ ठरलंच होतं. बाबांनी फक्त एवढंच विचारलं, "अरे, गाडी काय म्हणतेय ते विचारलंस का, की फक्त डीलरचंच ऐकलंस?"

बाबा इंजिनच्या आवाजाबद्दल बोलत होते. पण या गाड्यांना खरोखरच "विचारता" येतं. त्यांच्यात अनेक छोटे कॉम्प्युटर असतात आणि बऱ्याच गोष्टी ते लक्षात ठेवतात. या लेखात आपण तेच पाहणार आहोत: अशी गाडी घेण्याआधी मोबाईलवर काय तपासायचं, गाडीजवळ काय बघायचं आणि कागदपत्रं कोणती घ्यायची.

एंट्री-लेव्हल लक्झरी सेडान म्हणजे नक्की कोणत्या गाड्या?

भारतात या गटात ऑडी ए३, मर्सिडीज सीएलए, नंतर आलेली मर्सिडीज ए-क्लास लिमोझिन आणि बीएमडब्ल्यू २ सिरीज ग्रान कूपे या गाड्या येतात. जुन्या बाजारात याच पैशांत थोडी जास्त वयाची ऑडी ए४, मर्सिडीज सी-क्लास किंवा बीएमडब्ल्यू ३ सिरीजही मिळते. फरक लक्षात ठेवा: पहिल्या गटातल्या गाड्यांत ताकद पुढच्या चाकांना जाते, तर सी-क्लास आणि ३ सिरीजमध्ये मुख्यतः मागच्या चाकांना.

गाडी स्वस्त होते, पार्ट स्वस्त होत नाहीत

नवीन असताना तीस लाखांच्या पुढे असलेली गाडी काही वर्षांत निम्म्याच्या खाली येते. पण तिचा हेडलॅम्प, ब्रेक डिस्क, सस्पेन्शनचे आर्म तीस लाखांच्या गाडीचेच राहतात. तुम्ही चौदा लाखांची गाडी घेता, पण सांभाळता तीस लाखांची. अशी गाडी घेऊन पस्तावलेल्या बहुतेकांचं गणित इथेच चुकलेलं असतं.

म्हणून गाडी बघायला जाण्याआधी त्या ब्रँडचं काम करणाऱ्या एका गॅरेजला फोन करा आणि पाच गोष्टींचे भाव विचारा: चारही टायर, पुढच्या ब्रेक डिस्क आणि पॅड, एक हेडलॅम्प, बॅटरी आणि गिअरबॉक्सची सर्व्हिस. कागदावर बेरीज करा. गाडीच्या किमतीच्या १५ ते २० टक्के रक्कम बाजूला राहत नसेल तर ती गाडी घ्यायची नाही, हा माझा स्वतःचा नियम आहे.

बॅटरीबद्दल एक गंमत. स्टार्ट-स्टॉप असलेल्या या गाड्यांत साधी नाही, एजीएम प्रकारची बॅटरी लागते. बीएमडब्ल्यूमध्ये तर नवीन बॅटरी बसवल्यावर गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये तिची नोंद करावी लागते, नाहीतर गाडी जुनीच बॅटरी समजून चार्ज करत राहते.

पायरी १: घरबसल्या तपासणी

विकणाऱ्याकडून गाडीचा नंबर आणि आरसीचा फोटो मागा. द्यायला टाळाटाळ केली तर तिथेच थांबा.

१. एम-परिवहन अ‍ॅपमध्ये नंबर टाका. नोंदणीची तारीख, इंधन, विमा आणि पीयूसीची मुदत जाहिरातीशी जुळते का बघा.

२. आरसीवर मालकाचा क्रमांक असतो. "फर्स्ट ओनर" असं सांगितलेली गाडी कागदावर तिसऱ्या मालकाची निघू शकते.

३. गाडीवर बँकेच्या कर्जाचा बोजा आहे का बघा. असेल तर तो उतरल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

४. ई-चलान तपासा. चासी नंबरचे शेवटचे आकडे लागतात, ते आरसीवरच मिळतील. थकलेला दंड विकणाऱ्याकडून आधी भरून घ्या.

५. चासी नंबर देऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून सर्व्हिसचा इतिहास मिळतो का विचारा. काही ठिकाणी मालकाने विचारावं लागतं, मग मालकालाच सोबत न्या.

गाडी दिल्ली पासिंगची असेल तर जास्त सावध राहा. दिल्ली आणि आसपासच्या भागात १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने निर्बंध घातले आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवले. त्यामुळे तिकडच्या डिझेल लक्झरी गाड्या वय वाढलं की स्वस्तात इतर राज्यांत येतात. गाडी चांगलीही असू शकते, पण इथला रोड टॅक्स आणि नवीन नोंदणी धरल्यावर ती स्वस्त राहते का, हे आधी मोजा.

पायरी २: ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीशी गप्पा

स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ १६ पिनांचं एक सॉकेट असतं. त्याला ओबीडी पोर्ट म्हणतात. त्यात बसणारा ब्लूटूथ स्कॅनर ऑनलाइन हजार-दीड हजार रुपयांच्या आसपास मिळतो. अँड्रॉइडवर टॉर्क किंवा कार स्कॅनर अ‍ॅप चालतं. आयफोन असेल तर साधा ब्लूटूथ स्कॅनर जोडला जात नाही. वायफाय किंवा ब्लूटूथ लो एनर्जीवाला घ्या.

क्रम असा ठेवा.

• विकणाऱ्याला आधीच सांगा की गाडी सुरू करून ठेवू नका. बॉनेटवर हात ठेवून इंजिन थंड आहे याची खात्री करा. थंड इंजिनचा पहिला आवाज आणि पहिला धूर बरंच काही सांगून जातात.

• इग्निशन ऑन केल्यावर चेक इंजिन आणि एअरबॅगचे दिवे लागले पाहिजेत आणि थोड्या वेळात विझले पाहिजेत. दिवा लागतच नसेल तर तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो.

• अ‍ॅपमध्ये फॉल्ट कोड वाचा. स्टोअर्ड आणि पेंडिंग, दोन्ही.

• आता सगळ्यात महत्त्वाचं: रेडीनेस मॉनिटर बघा. गाडी स्वतःच्या सेन्सरच्या आणि प्रदूषण रोखणाऱ्या यंत्रणेच्या चाचण्या चालता चालता पूर्ण करते. कोणी फॉल्ट कोड पुसले की या चाचण्याही शून्यावर येतात आणि "इनकम्प्लीट" दिसतात. शून्य फॉल्ट आणि बरेच मॉनिटर अपूर्ण, असं दिसलं तर कोणीतरी नुकतीच पाटी कोरी केली आहे.

• बऱ्याच गाड्या "कोड पुसल्यापासून किती किलोमीटर" हा आकडाही देतात. तो जरूर बघा.

माझ्या त्या पांढऱ्या गाडीत फॉल्ट शून्य होते. मॉनिटर अपूर्ण होते. कोड पुसल्यापासूनचं अंतर: ११ किलोमीटर. डीलर म्हणाला, बॅटरी काढली होती. बॅटरी काढल्यानेही काही गाड्यांत असं होतं, म्हणून एवढ्यावरून कोणाला खोटं ठरवू नका. फक्त पुढची तपासणी करा.

पायरी ३: ब्रँडचा स्कॅनर असलेलं गॅरेज

स्वस्त स्कॅनरला मुख्यतः इंजिन दिसतं. गिअरबॉक्स, एअरबॅग, एबीएस या सगळ्यांशी बोलायला त्या ब्रँडचं सॉफ्टवेअर लागतं. ऑडीसाठी व्हीसीडीएस, बीएमडब्ल्यूसाठी इस्टा, मर्सिडीजसाठी झेंट्री. चांगल्या स्वतंत्र गॅरेजकडे हे असतं. फी देऊन गाडी तिथे न्या. "आमच्याच मेकॅनिककडे बघा" असं विकणारा म्हणाला तर नको म्हणा.

याचा मोठा फायदा मीटरच्या बाबतीत होतो. डॅशबोर्डवरचा आकडा मागे फिरवणं अवघड नाही. पण अनेक जर्मन गाड्यांत किलोमीटरची नोंद इतर मॉड्यूलमध्येही असते, आणि फॉल्ट आला तेव्हा गाडी किती चालली होती हेही त्या फॉल्टसोबत जपलं जातं. साध्या स्कॅनरने इंजिनचे कोड पुसले तरी बाकीच्या मॉड्यूलमधल्या नोंदी राहू शकतात.

माझ्या बाबतीत तेच झालं. गिअरबॉक्सच्या मॉड्यूलमध्ये एक जुना फॉल्ट होता आणि त्याच्यासमोर ७८ हजार किलोमीटर लिहिलेलं होतं. मीटर सांगत होतं ५२ हजार. मी स्क्रीनचा फोटो काढला, डीलरला दाखवला आणि टोकन न देता घरी आलो. स्कॅनर आणि गॅरेजची फी मिळून पाच हजारांच्या आत खर्च झाला. तो नसता केला तर चौदा लाख गेले असते.

कोणत्या गाडीत काय बघायचं?

ड्युअल क्लच गिअरबॉक्स: ऑडी ए३ च्या पेट्रोल मॉडेलमध्ये ७ गिअरचा कोरड्या क्लचचा बॉक्स येतो, २.० डिझेलमध्ये ६ गिअरचा ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचचा. कोरडा क्लच ट्रॅफिकमध्ये सरपटत चालवल्यावर लवकर दमतो. टेस्ट ड्राइव्ह मोकळ्या रस्त्यावर नाही, गर्दीत घ्या. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये थरथर किंवा धक्का जाणवला तर खर्च येणार. ऑइलवाल्या बॉक्सचं ऑइल साधारण ६० हजार किलोमीटरला बदलावं लागतं. त्याचं बिल मागा.

टायमिंग चेन: २०१२ ते २०१५ च्या आसपासच्या बीएमडब्ल्यू पेट्रोलमधलं एन२० इंजिन टायमिंग चेनच्या गाइडसाठी बदनाम आहे. थंड इंजिन सुरू करताना कर्कश किणकिण ऐकू येते का, ऑइल वेळेवर बदललंय का, हे बघा.

डिझेलचा डीपीएफ: धुरातली काजळी अडवणारा हा फिल्टर हायवेवर सलग चालल्यावर स्वतःला जाळून साफ करतो. ऑफिस पाच किलोमीटरवर असेल आणि गाडी फक्त शहरात फिरणार असेल तर डिझेलच्या भानगडीत पडू नका.

टायर: बाजूला लिहिलेले शेवटचे चार आकडे बघा. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. बऱ्याच बीएमडब्ल्यूंमध्ये रन-फ्लॅट टायर असतात, ते साध्यापेक्षा महाग पडतात.

पुरातली गाडी कशी ओळखायची?

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेलं, तेव्हा गाड्याही बुडाल्या. विमा कंपनीने टोटल लॉस ठरवलेली गाडी भंगारात विकली जाते आणि कधीकधी चकचकीत होऊन पुन्हा बाजारात येते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा आणि चिखलाची रेघ शोधा. सीटखालच्या रुळांवर गंज, डिकीतल्या कार्पेटखाली माती, काचा बंद केल्यावर कुबट वास, यातलं काही दिसलं तर परत फिरा. इतक्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गाडीत पाणी गेलं की त्रास महिनोन्‌महिने पुरतो.

कागदपत्रं आणि विमा

• मालकी बदलासाठी फॉर्म २९ आणि ३०. कर्ज फिटलं असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी. परराज्यातली गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसी.

• विमा हस्तांतरणासाठी १४ दिवसांच्या आत कंपनीकडे अर्ज करा. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही. तो माणसाचा असतो, गाडीचा नाही.

• झिरो डेप मिळतो का ते आधीच विचारा. तो नसेल तर क्लेममध्ये प्लास्टिक आणि रबरच्या पार्टवर ५० टक्के घसारा कापला जातो. म्हणजे बंपरचे निम्मे पैसे तुमचे.

• पैसे बँकेतूनच द्या. गाडी ताब्यात घेतल्याची तारीख आणि वेळ लिहून दोघांच्या सह्या घ्या. त्याआधीचं चलान किंवा अपघात तुमच्या गळ्यात पडायला नको.

गाडी घेतल्यावर पहिल्याच दिवशी

दोन्ही चाव्या घ्या. गाडीच्या स्क्रीनवरून जुने जोडलेले फोन काढा आणि फॅक्टरी रिसेट करा. कंपनीचं कनेक्टेड अ‍ॅप असेल तर जुन्या मालकाला त्याच्या खात्यातून गाडी काढायला लावा, नाहीतर गाडी कुठे उभी आहे हे त्याला मोबाईलवर दिसत राहू शकतं. फास्टॅग बंद करून स्वतःच्या नावाचा नवीन लावा.

मग मी गाडी घेतली का?

घेतली, चार महिन्यांनी. त्याच गटातली, एकाच मालकाची, मीटरवर ७१ हजार किलोमीटर. पहिल्या गाडीपेक्षा जास्त चाललेली आणि वर पन्नास हजारांनी महाग. पण सगळ्या सर्व्हिसची बिलं होती, मॉनिटर पूर्ण होते, आणि गिअरबॉक्सपासून एअरबॅगपर्यंत कुठेही मीटरपेक्षा मोठा आकडा नव्हता. पहिल्या दोन महिन्यांत बॅटरी आणि चारही टायर बदलावे लागले. ते पैसे बाजूला ठेवलेले होते, म्हणून हप्ता चुकला नाही.

स्कॅनर अजून माझ्या डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे. आतापर्यंत तीन मित्रांनी नेला. त्यातल्या दोघांनी गाडी घेतली नाही.