गिलास, शाहआलू आणि जाकमाँचं झुडूप

बिर्याणीतला आलुबुखारा कोणाच्या ताटात जातो, यावरून आम्हा भावंडांची भांडणं व्हायची. त्यातला ‘आलू’ बटाटा नाही, हे दादीनं सांगितलं होतं. फारसीत आलू म्हणजे प्लम. आलुबुखारा, म्हणजे बुखाऱ्याचा प्लम.

चेरीला मात्र फारसी शब्द वेगळा, गिलास. अबुल फजलनं ‘आईने-अकबरी’त नोंदवलंय की अकबर बादशाह गिलासला शाहआलू म्हणत. म्हणजे दरबारानं चेरीला प्लमच्या घरात नेऊन बसवलं. वनस्पतीशास्त्रानंही पुढे तसंच केलं.

अफगाणिस्तान ते पश्चिम हिमालय या पट्ट्यात लाल फळांचं एक झुडूप वाढतं. इंग्रजीत ती ‘अफगाण बुश चेरी’. शास्त्रीय नावात मात्र व्हिक्टर जाकमाँ आहे. हा फ्रेंच संशोधक १८२९ला कलकत्त्यात उतरला. रणजितसिंहांचा लाहोर दरबार आणि काश्मीर पाहून तो पुण्याकडे आला, आणि ७ डिसेंबर १८३२ला मुंबईत वारला. वय अवघं ३१.

या झुडपाचं फळ दिसतं चेरीसारखं, पण नातं प्लमशी. ओळखायचं तर फळ सोडून हिवाळ्यातली उघडी फांदी बघावी. खऱ्या चेरीत पानाच्या बगलेत एकच कळी असते. इथे तीन असतात, मधली पालवीची, बाजूच्या दोन फुलांच्या. नानकिंग चेरीतही तसंच. पण तिच्या पानाची खालची बाजू मखमली असते आणि देठ इतका आखूड की फळं फांदीलाच चिकटल्यासारखी दिसतात. जाकमाँच्या झुडपाचं पान गुळगुळीत. उलट, कॅनडात सस्काचेवान विद्यापीठानं १९९९ला आणलेली ‘कार्माइन ज्वेल’ झुडूपच असली तरी ती खरी चेरी. झुडूप दिसलं म्हणून घराणं ठरत नाही.

खरी पंचाईत संकरांची. अमेरिकेत एल्विन मीडर यांनी जाकमाँचं झुडूप आणि जपानी बुश चेरी यांच्या संकरातून जॅन, जॉय, जोएल ही वाणं काढली. तिघंही एकाच घराण्यातली. नानकिंगपासून ती पानावरून वेगळी काढता येतात, आपसात मात्र नाही. फळ धरायला एका वाणाला दुसऱ्याचे पराग लागतात. रोपवाटिकेतली चिठ्ठी बदलली आणि शेजारी शेजारी दोन्ही जॅनच लागली, तर फुलं भरभरून येतात, फळ धरत नाही. चूक लक्षात येईपर्यंत दोन-तीन बहर वाया गेलेले असतात.