मेणापासून कायटोसॅनपर्यंत

तोडलेल्या फळावर लेप चढवण्याची रीत जुनी असली, तरी त्या लेपाने फळाची रोगप्रतिकारशक्ती वाढावी ही अपेक्षा अलीकडची आहे. चीनमध्ये बाराव्या-तेराव्या शतकांत लिंबूवर्गीय फळे मेण लावून दूरवर पाठवीत असत असे सांगितले जाते, तर अमेरिकेत 1920च्या दशकात संत्र्यांना मेण लावण्याचा व्यवसाय सुरू झाला. पण दोन्हीकडे मुख्य हेतू फळातील पाणी टिकवण्याचा होता, आणि चकाकीमुळे मिळणारा चढा भाव हा व्यापाऱ्यांचा वरकड लाभ. पुढे ब्राझीलमधील एका ताडाच्या पानांवरचे कार्नौबा मेण आणि भारतातील लाखेपासून होणारा चपडा हेही या कामी आले. मात्र थर जाड झाला की फळाचा श्वास कोंडून गर आंबू लागतो, आणि नुसत्या मेणाने बुरशीला फारसा आळा बसत नाही.

तो आळा घालणाऱ्या द्रव्याचा शोध फळांच्या व्यापाराबाहेर लागला. आंरी ब्राकोनो या फ्रेंच शास्त्रज्ञाला 1811 मध्ये अळंब्यांत कायटिन सापडले. कोळंबी-खेकड्यांच्या कवचांत आणि बुरशीच्या पेशीभित्तीत असणारे हे चिवट द्रव्य शार्ल रूजे याने 1859 मध्ये तीव्र अल्कलीत उकळले, तेव्हा कायटोसॅन हाती आले. साध्या पाण्यात न विरघळणारे हे द्रव्य सौम्य ॲसेटिक आम्लात विरघळते, आणि त्या द्रावणात बुडवून वाळवलेल्या फळावर पारदर्शक पापुद्रा धरतो. ली हॅडविगर यांनी 1980 मध्ये वाटाण्यावरील संशोधनातून दाखवले, की कायटोसॅन बुरशीची वाढ तर रोखतेच, शिवाय शेंगेला स्वतःचे बुरशीरोधक द्रव्य बनवायला लावते. बुरशीच्या भित्तीचा तुकडा ही वनस्पतीच्या लेखी शत्रू दारात आल्याची वर्दीच असते.

यातून सारे कोडे सुटले असे मात्र नाही. कॅनडातील लावाल विद्यापीठात 1990च्या दशकारंभी लेप दिलेल्या स्ट्रॉबेरीवर करडी बुरशी कमी वाढली, पण संशोधकांनी त्याचे श्रेय फळाच्या प्रतिकारापेक्षा लेपाच्या थेट बुरशीरोधक गुणाला दिले. याउलट 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या इटलीतील द्राक्षांवरील प्रयोगांत सालीतील एका संरक्षक विकराची, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाची, सक्रियता वाढलेली दिसली. दोन्ही निष्कर्ष आपापल्या फळापुरते खरे मानावेत, सरसकट नियम काढू नये, हेच युक्त. युरोपीय संघाने 2014 मध्ये कायटोसॅनच्या एका क्षाराला पीकसंरक्षणासाठी मान्यता दिली, ती मात्र बुरशीनाशक म्हणून नव्हे, तर वनस्पतीची प्रतिकारशक्ती चेतवणारे द्रव्य म्हणून.