शंकरशेट घराणे : आडनावामागचे आडनाव

मुंबईचे व्यापारी, जमीनदार व दानशूर नागरिक जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट (१८०३-१८६५) यांच्या घराण्याचा माग 'शंकरशेट' या नावाने काढू गेल्यास तो एका पिढीतच खुंटतो. शंकरशेट हे मुळात आडनाव नव्हे, वडिलांचे नाव. मूळ आडनाव मुरकुटे, ज्ञाती दैवज्ञ, नानांचे जन्मस्थान मुरबाड.

मागची वाट सापडते ती नावांच्या साखळीतून. जगन्नाथांचे वडील शंकरशेट, आजोबा बाबुलशेट, पणजोबा गणबाशेट. अठराव्या शतकात हे घराणे मुंबईत व्यापारात स्थिरावले. फोर्टातील जुना 'गनबो स्ट्रीट', म्हणजे आताचा रुस्तम सिधवा मार्ग, हा गणबाशेटांच्याच नावाचा अपभ्रंश मानला जातो. इंग्रजी पाटीवर तोफ आणि धनुष्य वाचणाऱ्यास तेथे मराठी शेटजी कसे दिसावेत!

१८२२ मध्ये शंकरशेट निवर्तले आणि ऐन तारुण्यात व्यापाराचा व मिळकतीचा भार नानांवर आला. पुढे शिक्षणकार्यामुळे व रेल्वेच्या उभारणीतील सहभागामुळे त्यांचे नाव एवढे मोठे झाले, की 'शंकरशेट' हेच घराण्याचे आडनाव बनले आणि मुरकुटे मागे पडले. इंग्रजी कागदपत्रांत तर ते 'जुगोन्नाथ सुंकरसेट' अशा रूपात आढळतात. शोध घेणाऱ्याने तेही ध्यानी ठेवावे.