कंसाचं डोकं आणि आपली कात्री



आपल्या गोंदिया जिल्ह्यातल्या शाळकरी मुलींना घेऊन आम्ही जुनी मासिकं, कात्री आणि खळ मांडून बसलो. फोटो कापायचे आणि रात्री पडलेलं स्वप्न कागदावर चिकटवायचं, एवढंच काम. पहिलाच प्रश्न आला, "असली उलटीसुलटी चित्रं मोठी माणसं करतात का?"

करतात, आणि आपल्याकडे फार आधी केली. दादासाहेब फाळक्यांनी १९१८ साली 'श्रीकृष्ण जन्म' हा मूकपट काढला. त्यात भेदरलेल्या कंसाला जिकडेतिकडे कृष्ण दिसतो, त्याचं डोकं धडापासून सुटून वर तरंगतं. तेव्हा संगणक कुठला? सगळी करामत कॅमेऱ्याची. कृष्ण झाली होती त्यांची पोर मंदाकिनी. सरस्वतीबाई फाळके घर सांभाळून फिल्मला भोकं पाडत, रसायनं कालवत.

पुढे सहा वर्षांनी, १९२४ साली, पॅरिसमध्ये आंद्रे ब्रेतों यांनी अतिवास्तववादाचा जाहीरनामा काढला. स्वप्नालाही खरेपणा असतो, असं ते लोक म्हणत. फाळके त्यांच्यातले नव्हते, त्यांना पुराणकथा सांगायची होती. पण भीती डोळ्यांना दाखवायची युक्ती दोघांनाही सापडली.

तीच युक्ती ग्रेटे स्टर्न या बाईंनी बायकांसाठी वापरली. हिटलरच्या काळात जर्मनी सोडून त्या पुढे अर्जेंटिनात गेल्या. तिथल्या 'इदिलिओ' या बायकांच्या साप्ताहिकाला वाचक बायका आपली स्वप्नं लिहून कळवत. १९४८ ते १९५१ या काळात स्टर्नबाईंनी फोटो कापून, जोडून त्यांची चित्रं केली. एका चित्रात बाईच टेबलावरच्या दिव्याचा खांब झाली आहे आणि पुरुषाचा हात बटणाकडे आला आहे. मुली आधी हसल्या, मग गप्प झाल्या.

मग कात्र्या चालू लागल्या. एकीने शाळेच्या इमारतीला सारसाचे लांब पाय लावले. दुसरीने रोवणीच्या बांधीत पलंग ठेवला, पलंगावर आई निजलेली. पण आईला चेहराच नव्हता. आम्ही विचारलं, तर म्हणाली, "घरी आईचा एकटीचा फोटोच नाही, बाई. आहे तो आधार कार्डावरचा. तो कसा कापू?"

चित्र तसंच राहिलं, तेच सगळ्यांनी पुन्हापुन्हा पाहिलं.

मैत्रिणींनो, मुलीने कात्री मागितली तर द्या. आणि एक फोटो स्वतःचा, एकटीचा, काढून घ्या.