एचआयव्हीसह जगणारे समलिंगी पुरुष : भेदभाव

एचआयव्हीची लागण झालेल्या समलिंगी पुरुषाला आजारपणामुळे आणि लैंगिक कलामुळे, अशा दोन्ही कारणांनी नोकरी, घर, उपचार आणि नात्यागोत्यात मिळणारी वेगळी वागणूक. पुरुषांशी लैंगिक संबंध ठेवणाऱ्या पुरुषांच्या गटाला सरकारी कागदपत्रांत ‘एमएसएम’ म्हणतात. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या २०१७ च्या पाहणीत या गटातील लागणीचे प्रमाण सुमारे २.७ टक्के होते; देशातील प्रौढांमध्ये ते सुमारे ०.२ टक्के होते.

मराठी मुलुखाशेजारचे सर्वांत गाजलेले प्रकरण गोव्याचे. डॉमनिक डिसोझा हा नियमित रक्तदान करणारा तरुण. रक्ततपासणीत लागण आढळताच फेब्रुवारी १९८९ मध्ये पोलिसांनी त्याला ताब्यात घेतले आणि म्हापशाच्या जुन्या क्षयरोग रुग्णालयात ६४ दिवस डांबून ठेवले. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यातच तशी सोय होती. आई ल्युसी यांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. डॉमनिक घरी आला, पण रुग्णाला वेगळे ठेवण्याची तरतूद न्यायालयाने वैध ठरवली. नोकरी गेली. १९९२ मध्ये त्याने ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी केली आणि त्याच वर्षी तो वारला. त्याच्या आयुष्यावर बेतलेल्या ओनीर यांच्या ‘माय ब्रदर निखिल’ (२००५) या चित्रपटाचा नायक समलिंगी आहे.

१९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका सार्वजनिक उपक्रमातील रोजंदारी कामगाराच्या बाजूने निकाल दिला : काम करण्याजोगी प्रकृती असेल, तर केवळ एचआयव्हीमुळे नोकरी नाकारता येणार नाही. कामगाराचे नाव निकालात ‘एमएक्स’ एवढेच आहे. खरे नाव सांगून न्याय मागणे परवडणारे नव्हते. समलिंगी पुरुषांमधले एचआयव्हीविषयीचे काम मुंबईत अशोक राव कवी आणि सहकाऱ्यांच्या हमसफर ट्रस्टने १९९४ पासून, तर पुण्यात बिंदुमाधव खिरे यांच्या समपथिक ट्रस्टने २००२ पासून केले.

तालुक्याच्या गावी चित्र वेगळे दिसते. परभणी जिल्ह्यातील सेलू हे मनमाड–परभणी लोहमार्गावरचे बाजारगाव. अशा गावात हाकलून देण्याआधी ओळखले जाण्याची भीती असते. समुपदेशकाच्या टेबलावर पहिला प्रश्न ‘कशामुळे झालं असावं?’ आणि नोंदीत त्याचा रकाना. अशा वेळी ‘बाहेरगावी बाईकडे गेलो होतो’ हे उत्तर सोयीचे पडते. ते घरी आणि गावात निदान माफ होते. खरे कारण माफ होत नाही. रकाना चुकीचा भरला जातो, आणि समलिंगी रुग्ण आकडेवारीतूनही गळतो. एचआयव्हीवरच्या गोळ्या जवळच्या उपचार केंद्रात मोफत मिळतात, तरी ‘कुणी ओळखीचं भेटलं तर?’ म्हणून लांबच्या जिल्ह्याची गाडी धरणारे असतात. एसटी चुकली, रजा मिळाली नाही, की गोळ्यांत खंड पडतो. लग्नाचा आग्रह मोडवत नाही, तो वेगळाच. गरोदरपणाच्या नेहमीच्या तपासणीत बायकोची लागण आधी कळली, तर ठपकाही तिच्यावरच येतो. या भेदभावाची किंमत बायकाही मोजतात, हे या विषयावरच्या लिखाणात फारसे येत नाही.

सप्टेंबर २०१८ मध्ये चार दिवसांच्या अंतराने दोन गोष्टी घडल्या. ६ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध भारतीय दंडविधानाच्या कलम ३७७ च्या कचाट्यातून सोडवले. १० तारखेला २०१७ चा एचआयव्ही व एड्स कायदा लागू झाला. या कायद्याने नोकरी, शिक्षण, उपचार, घरभाडे आणि विमा यांत भेदभावास मनाई केली. संमतीविना चाचणी करणे आणि रुग्णाची माहिती फोडणेही त्यात निषिद्ध आहे. तक्रारीवर राज्याच्या लोकपालाने ३० दिवसांत, तातडीच्या वैद्यकीय प्रसंगी शक्यतो २४ तासांत आदेश द्यायचा असतो. पण संरक्षण आजाराला आहे, कलाला नाही. ‘तुला एचआयव्ही आहे’ म्हणून खोली खाली करायला लावणारा घरमालक कायद्यात सापडतो. ‘तू तसला आहेस’ म्हणणारा त्यातून सुटतो. त्यामुळे ज्याला दोन्ही कारणांनी बाहेर काढले, त्याला तक्रारीत एकच लिहावे लागते.

डॉमनिकच्या अटकेची सुरुवात रक्तदानातून झाली होती. २०१७ च्या रक्तदाता निवडीच्या राष्ट्रीय निकषांनी समलिंगी पुरुषांना रक्तदानास कायमचे अपात्र ठरवले, मग त्यांची चाचणी निगेटिव्ह का असेना. या निकषांना सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे.