साखरेचा आकडा येतो कोठून?

मधुमेही माणूस बोटातील थेंबभर रक्त पट्टीवर ठेवतो आणि मीटरवर साखरेचा आकडा उमटतो. या आकड्यावर इन्शुलिनची मात्रा ठरते, म्हणून तो चुकून चालत नाही. गंमत अशी, की या मापनाचा इतिहास साखरेपासून नव्हे, तर ऑक्सिजनपासून सुरू होतो.

१९५०च्या दशकात अमेरिकेतील लेलँड क्लार्क रक्तात ऑक्सिजन मिसळणाऱ्या यंत्रावर काम करीत होते. त्या रक्तातील ऑक्सिजन मोजायचा कसा? उघड्या प्लॅटिनमवर प्रथिने चिकटत आणि मापन बिघडे. क्लार्क यांनी प्लॅटिनमचे ऋणाग्र व चांदीचे धनाग्र पॉलिथिनच्या पातळ पटलामागे ठेवले. ऑक्सिजन पटलातून आत जाई, प्रथिने बाहेरच राहत. सुमारे ०.६ व्होल्ट विभवांतर दिले, की ऑक्सिजनच्या प्रमाणात विद्युतप्रवाह मिळे. १९५६ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले.

१९६२ साली क्लार्क आणि लायन्स यांनी पुढचे पाऊल टाकले. ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर, म्हणजे एन्झाइम, ग्लुकोजचे ऑक्सिडीकरण करताना ऑक्सिजन वापरते आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. विकराचा थर अग्रापुढे ठेवला, तर ऑक्सिजनची घट हेच साखरेचे माप!

पण नमुन्यात मुळातच ऑक्सिजन कमी असला तर? १९६७ साली अपडाइक व हिक्स यांनी निष्क्रिय विकराचे दुसरे अग्र शेजारी ठेवून ही चूक वजा केली. १९७३ साली गिलबॉल्ट व लुब्रानो यांनी ऑक्सिजनऐवजी पेरॉक्साइड मोजले. मात्र त्यासाठी लागणाऱ्या विभवाला क जीवनसत्त्व आणि पॅरासिटामॉलही अग्राला इलेक्ट्रॉन देतात. साखर वाढलेली नसतानाही आकडा फुगतो.

१९८४ साली इंग्लंडमधील ऑक्सफर्ड व क्रॅनफील्ड येथील संशोधकांनी ऑक्सिजनचे काम फेरोसीनच्या संयुगाकडे सोपवले. विकराकडून इलेक्ट्रॉन घ्यायचे आणि कमी विभवालाच अग्रापर्यंत पोहोचवायचे, असा हा निरोप्या. १९८७ साली त्यावर आधारित पेनाएवढा मीटर बाजारात आला.

ऑक्सिडीकरण-क्षपण शिकवताना समीकरण फळ्यावर लिहून थांबू नये. इलेक्ट्रॉन कोणी दिला, कोणी नेला, वाटेत दुसरा कोणी घुसला का, हे विद्यार्थ्यांना विचारावे. तीन दशके संशोधक याच प्रश्नांशी झटत होते.