सी.पी. बेरार, रीजन पाच आणि 'विकत घ्या'चं बटण

चंद्रपूर कुठे आहे? भूगोलाच्या पुस्तकात बघितलंत तर महाराष्ट्रात, पार पूर्वेला, गडचिरोलीच्या अलीकडे. हाच प्रश्न चित्रपट वितरणाच्या धंद्यातल्या माणसाला विचारा. तो सांगेल, सी.पी. बेरारमध्ये.

आता गंमत बघा. सी.पी. अँड बेरार हा इंग्रजांच्या काळातला प्रांत. २६ जानेवारी १९५० ला त्याचं नाव मध्य प्रदेश झालं. १ नोव्हेंबर १९५६ ला चांदा जिल्हा (तेव्हाचं नाव चांदाच) बाकी विदर्भाबरोबर द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १ मे १९६० ला महाराष्ट्रात. १९८२ मध्ये त्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला. माणसं जागच्या जागी बसून तीन राज्यं फिरली, पण फिल्लमवाल्यांचा नकाशा तसूभरही हलला नाही. चित्रपटांच्या कमाईच्या आकड्यांत 'सी.पी. बेरार' हा रकाना अजून असतो. त्याच नकाशात मुंबई-पुणं हे गुजरातसोबत मुंबई सर्किटमध्ये आणि मराठवाडा निजाम सर्किटमध्ये! सिरोंचाला प्राणहितेच्या काठावर उभे राहा. पलीकडे तेलंगण, म्हणजे जुनं निजामाचं राज्य. या नकाशाप्रमाणे नदी ओलांडली की त्याच चित्रपटाचा मालक बदलतो. "आपल्या प्रदेशात उपलब्ध नाही" ही पाटी सर्व्हरनं लावायच्या कितीतरी आधी ती अशी नदीच्या पात्रात लागलेली होती.

हे आठवायचं कारण सांगतो. ऑनसाइट असताना एका मोठ्या कंपनीच्या दुकानातून मी काही चित्रपट विकत घेतले होते. विकत, भाड्यानं नव्हे. दोन वेगवेगळी बटणं होती आणि मी जास्त पैशांचं दाबलं होतं. भारतात परतल्यावर खात्याचा देश बदलला आणि यादीतले निम्मे चित्रपट राखाडी झाले. ग्राहक सेवेतला मुलगा अतिशय नम्र होता. चित्रपट तुमच्या खात्यात आहेतच सर, फक्त तुम्हाला ते बघता येणार नाहीत, असं त्यानं मला समजावलं. (हे वाक्य मी डेस्कसमोर चिकटवायच्या विचारात आहे.) थोडक्यात, मी अमेरिका सर्किटमधून सी.पी. बेरारमध्ये आलो होतो.

तर या शनिवार-रविवारचा प्रश्न असा, की चित्रपट आपल्या मालकीचा होता कधी?

सुरुवातीला तर प्रश्नच नव्हता. निर्माता चित्रपट 'विकायचा' म्हणजे एका सर्किटचे हक्क ठराविक वर्षांसाठी वितरकाला द्यायचा. वितरक थिएटरला आठवड्याच्या हिशेबानं द्यायचा. रिळांच्या पेट्या रेल्वेनं यायच्या, खेळ संपला की पुढच्या गावी जायच्या. जत्रेत तंबू ठोकणाऱ्या टूरिंग टॉकीजचीही तीच गत. या साखळीत प्रेक्षकाच्या हातात येणारी एकमेव वस्तू म्हणजे फाडलेलं तिकीट. त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती, कारण तिकीट खोटं बोलत नाही. आमच्याकडची झाडीपट्टी रंगभूमी आजही त्याच हिशेबावर चालते. धान निघालं, दिवाळी झाली की वडसा-देसाईगंजहून नाटकमंडळ्या गावोगाव निघतात, रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं. २०२३ मध्ये या रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्याच्या ऑफिसात मला तीनचार जणांना झाडीपट्टी म्हणजे काय ते सांगावं लागलं. असो. मुद्दा एवढाच की एका रात्रीचं तिकीट घेतलं, एक रात्र मिळाली. व्यवहार पूर्ण.

या पद्धतीची खरी किंमत वेगळीच होती. प्रती मोजक्या आणि त्या धंद्याच्याच हातात. चित्रपट कमवेनासा झाला की प्रत म्हणजे भंगार. जुन्या कृष्णधवल फिल्ममध्ये चांदी असायची, ती काढून घ्यायला कित्येक प्रती विकल्या गेल्या. आपल्या देशात तेराशेच्या आसपास मूकपट झाले, आज त्यातले जेमतेम पंचवीस-तीस हाताशी आहेत आणि त्यातलेही बरेच अर्धवट. फाळक्यांच्या १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'ची चार रिळं होती. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहेत ती पहिलं आणि शेवटचं, आणि तीही १९१७ साली पुन्हा केलेल्या चित्रपटाची असावीत असं काही अभ्यासकांचं म्हणणं आहे. ते संग्रहालय स्थापन झालं १९६४ मध्ये, म्हणजे पहिल्या चित्रपटानंतर एक्कावन्न वर्षांनी. पी. के. नायर नावाच्या एका माणसानं रिळांचे डबे शोधत देश पालथा घातला म्हणून जे आहे ते आहे. आणि एका जागी ठेवलेल्याचंही काय होतं? जानेवारी २००३ मध्ये पुण्यात आग लागली आणि नायट्रेट फिल्मचा मोठा साठा जळून गेला. आम्ही बॅकअप बॅकअप म्हणून कानीकपाळी ओरडतो ते उगाच नाही.

मग व्हिडिओ आला. १९८२ च्या एशियाडच्या निमित्तानं रंगीत टीव्ही आला, पाठोपाठ व्हीसीआर. ऊर्जानगर, बल्लारपूरची पेपर मिल, वेकोलिच्या कोळसा खाणींच्या वसाहती... नोकरदारांची वस्ती होती तिथे हे लोण लवकर पोचलं. व्हीसीआर रात्रीपुरता भाड्यानं आणायचा आणि पैसे वसूल व्हावेत म्हणून तीन चित्रपट एका बैठकीत. तिसऱ्याच्या मध्यंतरापर्यंत अर्धी वसाहत झोपलेली. ही कॅसेट म्हणजे इतिहासातली एक चूक म्हणायला हरकत नाही. ऐंशी-नव्वद वर्षं जी प्रत धंद्याच्या बाहेर पडत नव्हती ती प्रेक्षकाच्या कपाटात येऊन बसली. वेष्टनावर 'फक्त घरगुती वापरासाठी' छापलेलं असायचं, आणि ती गणपतीच्या मंडपात दोनशे माणसांसमोर चालायची.

पुढे व्हीसीडी. दोन तकड्यांत एक मराठी चित्रपट, कधी तीन. चित्र यथातथाच. पण एक गोष्ट सांगतो, आमच्या व्यवसायातल्यांना ती आवडेल. व्हीसीडीवर कसलंही कुलूप नव्हतं. आत साधी डॅट फाइल, कॉपी करा, कुठल्याही प्लेअरवर चालवा. २००७ च्या सुमारास मोसर बेअर या कंपनीनं धमाल केली. व्हीसीडी २८ रुपये, डीव्हीडी ३४ रुपये! बस स्टँडजवळच्या, किराणा दुकानाच्या काउंटरवर चित्रपट विकायला आले. माझ्या बाबांनी आयुष्यात एकही पुस्तक घासाघीस न करता घेतलं नाही, पण तबकड्या मात्र ते भाजीसारख्या पिशवीत भरून आणायचे. २०१८ च्या सप्टेंबरात मोसर बेअर अवसायनात निघाली. कंपनी गेली, नोएडाचे कारखाने बंद पडले. बाबांच्या तबकड्यांना त्याचा पत्ताही नाही. त्या चालतात.

डीव्हीडीला मात्र कुलूप होतं आणि नकाशाही. हॉलीवूडनं जगाचे सहा भाग पाडले. अमेरिका रीजन एक, आपण रीजन पाच, म्हणजे रशिया आणि बहुतेक आफ्रिकेबरोबर. सी.पी. बेरारचीच कल्पना, फक्त यावेळी प्लेअरच्या चिपमध्ये कोरलेली. ते कुलूप १९९९ मध्ये फुटलं आणि गल्लोगल्ली 'ऑल रीजन' प्लेअर मिळू लागले.

आता इथे एक गोष्ट मला वाचताना नवीन कळली आणि मी उडालोच. आपल्याला वाटतं की तबकडी विकत घेतली म्हणजे कायद्यानंच आपली झाली, वाटेल त्याला विकावी, भाड्यानं द्यावी. अमेरिकेत ढोबळमानानं तसं आहे. १९०८ पासून तिथलं तत्त्व असं की पहिल्या विक्रीनंतर त्या प्रतीवर विकणाऱ्याचा ताबा संपतो. भारतात चित्रपटांचं तसं नव्हतं! कॉपीराइट कायद्याच्या कलम १४ मध्ये चित्रपटाची प्रत विकण्याचा किंवा भाड्यानं देण्याचा हक्क हक्कदाराकडे होता, आणि वर असंही लिहिलेलं, की ती प्रत आधी विकली गेली असली तरी. वॉर्नर ब्रदर्सनं एका डीव्हीडी लायब्ररीविरुद्ध लावलेल्या दाव्यात २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाचा निर्णय आला. लायब्ररीनं परदेशातून अस्सल तबकड्या विकत आणून इथे भाड्यानं दिल्या होत्या. न्यायालयाचं म्हणणं पडलं की पहिल्या विक्रीचं तत्त्व भारतात चित्रपटांना लागू नाही. २०१२ च्या दुरुस्तीत ते 'आधी विकली गेली असली तरी' काढून टाकलं गेलं.

म्हणजे कपाटातली तबकडी जुन्या बाजारात विकायचासुद्धा हक्क आपल्याला कागदावर धड नव्हता. आपल्या गावीही नव्हतं ते. कारण तबकडी कपाटात होती, आणि कपाटातून ती काढायला कुणी येणार नव्हतं. आपली मालकी कायद्यात कधीच नव्हती मंडळी, ती प्लास्टिकमध्ये होती. क्लाउडनं प्लास्टिक काढून घेतलं, मग उरला तो नुसता कायदा.

डिसेंबर २०१२ मध्ये ॲपलचं आयट्यून्स दुकान भारतात उघडलं, २०१३ मध्ये गूगल प्लेवर चित्रपट आले, आणि 'विकत घ्या' हे बटण आपल्या आयुष्यात आलं. ते दाबल्यावर प्रत्यक्षात काय होतं? डेटाबेसमध्ये एक ओळ वाढते: हा ग्राहक, हा चित्रपट, परवानगी आहे. चित्रपट कूटबद्ध असतो, चावी दर वेळी सर्व्हर देतो. चावी देण्याआधी तो विचारतो की या देशात, आजच्या तारखेला, निर्मात्याशी आमचा करार चालू आहे का? 'डाउनलोड' केलेली फाइलही बऱ्याचदा याला अपवाद नसते, तिचीही चावी ठराविक मुदतीनं शिळी होते. भामरागडला पर्लकोटेचा पूर पुलावरून गेला की तालुका तुटतो आणि नेटवर्कची तर बातच नको. तिथे तुमचा विकत घेतलेला चित्रपट नक्की कुठे आहे, हा प्रश्न फार तात्त्विक राहत नाही. हेमलकशाच्या कामावर २०१४ मध्ये 'डॉ. प्रकाश बाबा आमटे: द रियल हीरो' हा चित्रपट आला. तो कुठल्या ॲपवर दिसणार आणि किती दिवस, हे हेमलकशात ठरत नाही, महाराष्ट्रातही बहुधा नाही.

बरं, हे उगाच घाबरवणं नाही. हॉलीवूडच्या बहुतेक स्टुडिओंनी (डिस्ने सोडून) मिळून २०११ मध्ये अल्ट्राव्हायोलेट काढलं होतं. डिस्कच्या डब्यात कोडची चिठ्ठी, ती भरली की चित्रपट कायमचा तुमच्या डिजिटल कपाटात. अमेरिकेतल्या मित्रांकडे अशा चिठ्ठ्यांची थप्पी असायची. ते कपाट ३१ जुलै २०१९ ला बंद झालं. ज्यांनी खातं इतर दुकानांना जोडलं होतं त्यांचे चित्रपट बहुतांशी वाचले, बाकीच्यांकडे चिठ्ठ्या राहिल्या. डिसेंबर २०२३ मध्ये सोनीनं प्लेस्टेशनच्या ग्राहकांना कळवलं की डिस्कव्हरीचे विकत घेतलेले कार्यक्रम वर्षअखेरीस जाणार. बोंबाबोंब झाली, करार वाढला, कार्यक्रम राहिले. पण राहिले ते करार वाढला म्हणून, विकत घेतले होते म्हणून नव्हे.

उलट उदाहरण आपल्याकडचंच आहे आणि त्याची आठवण फारशी कुणी काढत नाही. फ्लिपकार्टनं फेब्रुवारी २०१२ मध्ये फ्लाइट नावाचं गाण्यांचं दुकान काढलं. जून २०१३ मध्ये गुंडाळलं. जेमतेम सव्वा वर्ष. पण ती गाणी साध्या एमपीथ्री होत्या, कुलूप नाही. लोकांना उतरवून घ्यायला दोनेक महिने दिले आणि दुकान बंद. ज्यांनी उतरवली त्यांच्याकडे ती आजही वाजतात. धंदा बुडणं वेगळं आणि गिऱ्हाइकाला बुडवणं वेगळं.

मराठीची भीती मला जास्त वाटते ती यामुळे. हॉलीवूडचा चित्रपट एका दुकानातून गेला तर दुसऱ्यात येतो. दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा, बेताचा चाललेला मराठी चित्रपट, ज्याचा निर्माता आता दुसऱ्याच धंद्यात आहे, त्याच्या कराराचं नूतनीकरण कोण करणार? पूर्वी निदान चारदोनशे कपाटांत तबकड्या तरी असायच्या. आता नवा चित्रपट अनेकदा तबकडीवर येतच नाही. पुन्हा मोजक्या प्रती, पुन्हा धंद्याच्याच हातात.

कॅलिफोर्नियानं २०२४ मध्ये कायदा केला, १ जानेवारी २०२५ पासून लागू. फक्त परवाना देत असाल तर नुसतं 'विकत घ्या' म्हणता येणार नाही, परवाना आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगा. आपल्याकडे ३० नोव्हेंबर २०२३ ला ग्राहकांना फसवणाऱ्या स्क्रीनवरच्या क्लृप्त्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं आली, तेरा प्रकार नावानिशी दिलेत. खोटी घाई, टोपलीत गुपचूप घातलेली वस्तू, वर्गणीचा सापळा वगैरे. परवान्याला विक्री म्हणणं हा काही त्या तेरांत नाही. चौदावा करून घ्यायला कुणी ग्राहक पंचायतवाला वाचत असेल तर माझ्याकडे स्क्रीनशॉट आहेत, राखाडी झालेल्या यादीचे.

तोवर बाबांच्या पिशवीतल्या तबकड्या हार्डडिस्कवर चढवतोय. एकशे बारा आहेत, त्यातल्या नऊ वाचल्या जात नाहीत. चंद्रपुरात व्हीसीडी पॉलिश करून देणारा कुणी उरला असेल तर कळवा.